गंधार कुठं गेला?

पुण्यात पेठेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या गॅलरीत, संध्याकाळी सहाच्या सुमारास एक मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसतो. अकरावी-बारावीतला असेल. पायाशी जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा अँप, त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज. वाजवत असतो ग्रीन डे या अमेरिकन पंक बँडचं ‘बास्केट केस’, म्हणजे त्याची सुरुवातीची ओळ, पुन्हा पुन्हा, दर वेळी एकाच जागी अडखळत. शेजारी वेताच्या खुर्चीत त्याचे आजोबा मेथी निवडत बसलेले. उभा जन्म भजनी मंडळाला पेटीची साथ केलेला माणूस. त्या दिवशी त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि खऱ्या कुतूहलानं विचारलं, “अरे, मघापासून ऐकतोय. नुसता सा आणि पंचम वाजवतोयस. गंधार कुठं गेला?” मुलगा म्हणाला, “आजोबा, हे असंच असतं,” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. रस्त्यानं जाता जाता कानावर पडलेलं एवढंसं बोलणं. पण तो प्रश्न काही पाठ सोडेना.

असंच असतं, हे खरं. पण असं का असतं?

कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर, आणि या संगीताचा मूळ ऐवज म्हणजे पॉवर कॉर्ड. डाव्या हाताची तीन बोटं तीन तारांवर: खालून सा, पंचम, वरचा सा. तंबोऱ्याच्या घरचीच जुळणी. कॉर्ड प्रसन्न की उदास हे ठरवणारा तिसरा स्वर, म्हणजे गंधार, इथे मुद्दाम गाळलेला असतो, आणि त्याचं कारण अँपमधलं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणं. स्वच्छ आवाजात दोन स्वर शेजारी शेजारी नांदतात; डिस्टॉर्शनमध्ये ते एकमेकांत घुसतात आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवेच स्वर उमटतात. सा आणि पंचमाचं प्रमाण दोनास तीन. त्यांच्या वजाबाकीतून निघतो तो खालच्या सप्तकातला सा, म्हणजे घरातलाच माणूस. त्यामुळे कॉर्ड उलट भरीव होते. गंधाराचं तसं नाही. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार, पेटीवरच्या गंधारासारखाच, नैसर्गिक गंधारापेक्षा चढा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर तो सुमारे १४ सेंट चढा, आणि पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरलेला. साध्या आवाजात कान या १४ सेंटांकडे काणाडोळा करतो. डिस्टॉर्शन वाढवणारं गेनचं बटण वर नेलं की तेवढाच फरक गुरगुरायला लागतो, आणि कॉर्डचा चिखल होतो. पेटीवाल्याला हा गंधार चांगला माहीत असतो. त्याच्यावरून गवयांनी पेटीला लावलेले बोल त्यानं आयुष्यभर ऐकलेले असतात.

पण ‘बास्केट केस’मधून गंधार निघून गेलेला नाही. तो जागा बदलून बसलाय. कडव्यातल्या कॉर्डचे पाये ओळीनं म्हणून पाहा: सा, प, ध, ग, म, सा, प. चौथ्या कॉर्डचा पायाच गंधार. सतराव्या शतकातल्या पाखेलबेलच्या कॅननमध्येही जवळजवळ हीच चाल आहे, आणि ती ऐकताना जिना उतरल्यासारखं का वाटतं ते या पायांवरून कळतं. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर वाजवायचं तर धैवताची कॉर्ड नवव्या पडद्यावर आणि गंधाराची चौथ्या पडद्यावर, म्हणजे मध्ये पाच घरांची उडी, तीही लय न सोडता. तो मुलगा दर वेळी अडखळतो ते नेमकं इथेच. उडी मारताना बोटं तारांवरून पूर्ण उचलली की मधली शांतता ऐकू येते. दाबून ठेवून घसरलं तर सुर्रकन आवाज होतो. दाब सोडायचा, स्पर्श ठेवायचा, हाताचा साचा न मोडता सरकायचं, आणि नजर आधीच चौथ्या पडद्यावर गेलेली असली पाहिजे.

त्याची दुसरी अडचण पट्टीची. तो मोबाइलवर मूळ गाणं लावून सोबत वाजवतो आणि सगळंच बेसूर वाटतं, मग गिटार पुन्हा पुन्हा ट्यून करत बसतो. मूळ रेकॉर्डिंग काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून आहे. हे गाणं ज्यात आहे तो ‘डूकी’ हा सबंध अल्बमच गिटारच्या सहाही तारा अर्धा स्वर उतरवून वाजवलेला आहे. सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झवरून ७७.८ वर. त्यामुळे गाणाऱ्याच्या गळ्यावरचा ताण कमी होतो आणि गिटारचा आवाज किंचित जाडसर, सैलावलेला येतो. मुलाची गिटार पांढरी तीनवर लावलेली. दोघांमध्ये अर्ध्या स्वराचं भांडण, आणि अर्ध्या स्वराइतकं कडू भांडण संगीतात दुसरं नाही. तारा उतरवल्या की ताण साधारण ११ टक्क्यांनी घटतो. ९ नंबरचा पातळ सेट असेल तर जोरात आघात केल्यावर तार क्षणभर चढी वाजते आणि मग जागेवर येते. म्हणून उतरवून वाजवणारे १० नंबरचा सेट चढवतात. नव्या जाडीच्या तारा चढवल्यावर ब्रिजवरचे, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात तिथले, खोगीर पुन्हा जुळवावे लागतात, नाहीतर मोकळी तार सुरात आणि बाराव्या पडद्यावर बेसूर, असं होऊन बसतं.

आणि उजवा हात. लोक म्हणतात, तीन कॉर्डचं संगीत, त्यात काय आहे. या गाण्याची लय मिनिटाला १७० ते १७५ ठोक्यांच्या आसपास. प्रत्येक ठोक्यात दोन आघात, म्हणजे सेकंदाला साडेपाचांहून अधिक. ते सगळे वरून खाली मारायचे, कारण खालून वर मारलेल्या आघातात पातळ तारा आधी लागतात आणि वजन जातं. ही रीत रमोन्स या पंक बँडचा गिटारवादक जॉनी रमोन याच्यापासून चालत आली. सुरुवातीच्या ओळींत तळहाताची कड ब्रिजवर अलगद टेकवून तारा अर्धवट दाबलेल्या ठेवायच्या असतात. कड दोन-चार मिलीमीटर पुढे सरकली तर नुसती टकटक उरते, मागे सरकली तर दाब राहतच नाही. नवशिक्याचं हमखास चुकतं ते असं, की तो कोपरातून हात हलवतो. अर्ध्या मिनिटात पोटरीसारखा पुढचा हात भरून येतो, आणि मग तो आघात चुकवायला लागतो. मनगटातून, पिक तारांच्या अगदी जवळ ठेवून, १२० च्या लयीपासून सुरुवात करून दर खेपेला चार-चार ठोके वाढवत न्यायचं, आणि हात भरून आला की थांबायचं. याला आठवडे लागतात.

आणि गेन. मधमाश्यांचं पोळं तयार होतं ते गेन शेवटपर्यंत फिरवल्यामुळे आणि मधल्या कंपनांचं, म्हणजे ना जाड ना बारीक अशा आवाजांचं, बटण शून्यावर नेल्यामुळे. खोलीत एकट्यानं वाजवताना ते झकास वाटतं. ड्रम आणि बास सुरू झाले की गिटार गायब. ‘डूकी’वरच्या गिटारमध्ये आपल्याला आठवतं त्यापेक्षा डिस्टॉर्शन बरंच कमी आहे. प्रत्येक आघाताचं टोक वेगळं ऐकू येतं.

हे सगळं कुठून आलं ते शोधायला निघालं की माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेला, रोडिओ नावाच्या गावात पोचतो. तेल शुद्धीकरण कारखान्याच्या सावलीतलं, कामगारवस्तीचं गाव. ग्रीन डेचा गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग तिथला. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. १९८२च्या सप्टेंबरात कर्करोगानं गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. आईनं त्याला त्याच्या गिटारशिक्षकाकडून एक निळी गिटार घेऊन दिली, फर्नांडेस या जपानी कंपनीनं स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवर केलेली. ब्रिजपाशी तारांची कंपनं पकडणारा एक जाड, दुहेरी गुंडाळीचा पिकअप. तिच्यावर वर्षानुवर्षं स्टिकर चिकटत गेले, रंग उडत गेला, आणि ‘डूकी’पर्यंत तीच गिटार वाजत राहिली. शाळेतला मित्र माइक डर्न्ट आधी गिटारच वाजवायचा, पुढे बासवर गेला. १७ ऑक्टोबर १९८७ला व्हालेहोमधल्या रॉड्स हिकरी पिट या खाणावळीत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. बिली जोची आई तिथे वाढपाचं काम करायची. बँडचं नाव तेव्हा स्वीट चिल्ड्रन. मुलं पंधरा वर्षांची.

मग बर्कलीतलं ९२४, गिलमन स्ट्रीट. १९८६च्या ३१ डिसेंबरला उघडलेली, एका गोदामवजा इमारतीतली, पंक कार्यक्रमांची जागा. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष-स्त्रीद्वेष-समलिंगीद्वेष नाही. वयाची अट नाही. सगळी कामं स्वयंसेवकांची. वर्षाचं सभासदत्व दोन डॉलर. दारावर उभा राहणारा, झाडू मारणारा आणि रात्री नऊला मंचावर चढणारा, हा बऱ्याचदा एकच पोरगा. सत्तरच्या दशकात दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात ज्यांनी आधी खुर्च्या लावल्या आणि मग नाटकं केली, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. अशा जागेचा आवाजावर परिणाम होतो, तो शिकवण्यासारखा असतो. ध्वनियोजना साधी, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर बेताचे, समोर आपल्याच वयाची मुलं हातभर अंतरावर. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर गायकाला चाल ठसठशीत ठेवावी लागते. आलाप विरतो, सरळ सुरावट टिकते. गिटारनं सोडलेला गंधार गळ्यानं उचलायचा, आणि वरून दुसऱ्या गळ्यानं तिसऱ्या स्वराचं अस्तर लावायचं, ही माइक आणि बिली जोची सवय तिथेच पक्की झाली असणार. पंक म्हणजे ओरडणं असं मानणाऱ्यांच्या गर्दीत हे दोघं चक्क गात होते.

लॅरी लिव्हरमोरनं त्यांना १९८८मध्ये उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका घरगुती कार्यक्रमात ऐकलं. समोर जेमतेम पाच जणं, उजेड मेणबत्त्यांचा. पण पोरं भरलेल्या मैदानासमोर वाजवावं तशी वाजवत होती. लुकआउट रेकॉर्ड्स या आपल्या छोट्या कंपनीतर्फे त्यानं त्यांची चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटी तबकडी, १९८९मध्ये काढली, ‘१,००० अवर्स’. ती बाहेर पडायच्या आधीच नाव बदलून ग्रीन डे झालं होतं, कारण स्वीट बेबी नावाचा दुसरा बँड तिथेच होता. पहिला अल्बम ‘३९/स्मूद’ १९८९ संपून १९९० उजाडतानाच्या चार-दोन दिवसांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्ट ऑफ इयर्स स्टुडिओत, अँडी अर्न्स्टच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला. नंतर ‘स्लॅपी’ ही ईपी. १९९१मध्ये हे सगळं एकत्र काढताना नावांचीही बेरीज केली: ‘१,०३९/स्मूद्ड आउट स्लॅपी अवर्स’. कमी पैशांचं ध्वनिमुद्रण ओळखायच्या खुणा त्यात सगळ्या सापडतात. ड्रम लांबच्या खोलीत वाजल्यासारखे, गिटार पातळ आणि थोडी फाटकी, शब्द एकाच दमात म्हणून टाकलेले. घड्याळ चालू असलं की माणूस दुसरा टेक मागत नाही. पण चाली बघा. त्या वयात इतक्या घट्ट चाली बांधणं सोपं नव्हे. आजही ही मुद्रणं लावली की खोलीत ओल्या थंडीचा वास येतो असं वाटतं, आणि हे मी त्यांची उणीव म्हणून सांगत नाहीये.

ड्रमवर तेव्हा जॉन किफमायर होता. १९९०च्या अखेरीस त्याच्या जागी ट्रे कूल आला, लिव्हरमोरच्या डोंगरातला शेजारी. बारा वर्षांचा असताना लिव्हरमोरनंच त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं होतं आणि हे नावही त्याचंच. हा बदल मोठा. किफमायर ठेका धरून बसतो; ट्रे कूल ओळीच्या शेवटी गाण्याला धक्का देऊन पुढच्या ओळीत ढकलतो. कडव्यातून ध्रुवपदात जाताना त्याचे दोन मात्रांचे तुकडे ऐका: स्नेअर, टॉम, स्नेअर हे ड्रम, आणि समेवर झांज. तबलजी तिहाई घेऊन समेवर आणून सोडतो, त्याच जातीचा आनंद. ट्रे कूलच्या वडिलांनी एक जुनी फिरत्या ग्रंथालयाची गाडी दुरुस्त केली आणि तिच्यातून स्वतः गाडी हाकत या तिघांना अमेरिकाभर फिरवलं. पुस्तकांच्या फळ्यांच्या जागी अँप आणि झोपायच्या फळ्या. तीन माणसं रोज रात्री तीच वीस गाणी वाजवतात तेव्हा हातांमध्ये जे बसतं, ते स्टुडिओत पैसे देऊन मिळत नाही.

याचा पुरावा हवा तर ‘वेलकम टू पॅरडाइस’ दोनदा ऐकावं. एकदा ‘करप्लंक’ या दुसऱ्या अल्बमवरचं, १९९१मध्ये त्याच छोट्या स्टुडिओत केलेलं, आणि एकदा ‘डूकी’वरचं, १९९३चं. गाणं घर सोडून पश्चिम ओकलंडमधल्या एका पडक्या गोदामात राहायला गेलेल्या पोराचं आहे. कॉर्ड त्याच, शब्द तेच. पहिल्यात गाणारा खरंच त्या गोदामात आहे असं वाटतं. आवाजाला भिंती आहेत आणि त्या जवळ आहेत. दुसऱ्यात बास पुढे आलाय, स्नेअर छातीत लागतो, आणि मधला वाद्यांचा तुकडा, जिथे गाणं अंधाऱ्या जिन्यानं खाली उतरतं, तो आता भीतिदायक झालाय. दुसरं मुद्रण सरस आहे. पहिलं खरं आहे. या दोहोंमधून एक निवडायची वेळ येऊ नये.

रिप्राइज या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि १९९३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुमारे तीन आठवड्यांत ‘डूकी’ झाला, बर्कलीतल्याच फँटसी स्टुडिओत. निर्माता रॉब कॅव्हालो. हा अल्बम शिकण्यासाठी ऐकायचा तर हेडफोन लावून, एका वेळी एकच वाद्य धरून ऐकावा. गिटारसाठी शंभर वॉटचे मार्शल अँप, ज्यांच्या सर्किटमध्ये गेन वाढवण्यासाठी फेरफार केलेले. त्यांतल्या लाडक्या अँपचं नाव पीट. जास्त गेनचा आवाज आणि त्याखाली कमी गेनचा, मधली कंपनं भरलेला आवाज एकत्र बांधला, की टोकही राहतं आणि अंगही. घरी मुद्रण करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं: डाव्या-उजव्या कानासाठी गिटार दोनदा वाजवावी. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. रुंदी येते ती दोन वाजवण्यांमधल्या केसाएवढ्या फरकातून. माणसाचा हात दुसऱ्यांदा तंतोतंत तसाच पडत नाही, आणि इथे नेमकं तेच कामी येतं.

बासबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. तीन माणसांच्या बँडमध्ये गिटारनं गंधार सोडला की तो दाखवायची जबाबदारी गळा आणि बास यांच्यावर येते. माइक डर्न्ट पिकनं वाजवतो, मधली कंपनं पुढे ठेवून. त्यामुळे बासची प्रत्येक मात्रा शब्दासारखी ऐकू येते. तो कॉर्डचा पाया धरून बसत नाही, एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत चालत जातो, आणि त्या वाटेत गंधार भेटतो, कधी मध्यम, कधी निषाद. ‘लाँगव्ह्यू’च्या कडव्यात गिटार जवळजवळ नाहीच. बास आणि टॉम, झुलता ठेका, आणि वर कंटाळलेला आवाज. ध्रुवपदात गिटार कोसळते तेव्हा ती मोठी वाटते, कारण आधी तिची जागा रिकामी ठेवली होती. वाद्यमेळ बांधणाऱ्यांनी हे गाणं वहीत उतरवून ठेवण्याजोगं आहे.

गाण्याचे बहुतेक भाग बिली जोनं दोन दिवसांत, बऱ्याचदा एकाच टेकमध्ये, गाऊन संपवले. अडलं ते मिश्रणापाशी, म्हणजे सगळी वाद्यं आणि गळा एकत्र बसवताना. पहिलं मिश्रण बँडला रुचलं नाही. त्यांना खोलीची गुंजन नको होती, कोरडा आवाज हवा होता, कानाशी बोलल्यासारखा. कॅव्हालो आणि जेरी फिन पुन्हा बसले. गुंजन काढली की चुका झाकल्या जात नाहीत. लय जरा हलली तरी दिसते. वर्षानुवर्षं गाडीतून हिंडून तीच गाणी वाजवलेली होती म्हणून हा कोरडेपणा त्यांना पेलला. ज्यांना पेलत नाही त्यांनी तो आवाज मागू नये. आधी ठोके देणारा मेट्रोनोम लावून ड्रम आणि बास यांची जोडी बसवावी.

१ फेब्रुवारी १९९४ला अल्बम बाहेर पडला. पुढचं जगाला माहीत आहे: बॉस्टनचा कोलमडलेला कार्यक्रम, वुडस्टॉक महोत्सवातला चिखल, प्रेक्षक समजून सुरक्षारक्षकानं आडवा केलेला माइक आणि त्याचे तुटलेले दात, अमेरिकेतच कोटीच्या पुढे गेलेल्या प्रती.

आणि गिलमनचं दार बंद झालं. मोठ्या कंपनीचा बँड इथे वाजवणार नाही, हा तिथला नियम होता, आणि तो ग्रीन डेसाठी मोडला गेला नाही. इथे मन दोन्हीकडे ओढलं जातं. ज्या जागेनं या पोरांना घडवलं, तिच्याच भिंतीवर बिली जोविरुद्ध विखारी शब्द लिहिले गेले, हे वाचताना त्रास होतो. पण नियम करणाऱ्यांची बाजूही समजते. मोठा पैसा एकदा आत शिरला की दोन डॉलरचं सभासदत्व घेऊन झाडू मारणाऱ्या पोराला जागा उरत नाही, हे त्यांनी इतर शहरांत पाहिलं होतं. नियम सगळ्यांत लाडक्या माणसाला लागू झाला तेव्हाच तो नियम ठरला. १९९५च्या ‘इन्सोम्निअ‍ॅक’मध्ये ‘८६’ नावाचं गाणं आहे. एखाद्याला हाकलून देणं यासाठी अमेरिकन बोलीत हा आकडा वापरतात. माझ्या मते वाजवण्याच्या दृष्टीनं हा त्यांचा सर्वांत घट्ट अल्बम आहे. त्यात हसू कमी, हात जास्त. ‘ब्रेन स्ट्यू’ पाच उतरत्या कॉर्डवर उभं आहे आणि त्यांच्या मधल्या शांततेवर. शिकवायला सगळ्यात अवघड गोष्ट तीच, कॉर्ड वाजवून लगेच तारा दाबणं. दोन्ही हातांनी एकदम दाबल्या नाहीत तर शांततेच्या जागी नुसती गुणगुण राहते.

१९९७च्या ‘निमरॉड’मधलं ‘गुड रिडन्स’ हे तर त्यांना न ओळखणाऱ्यांनीही ऐकलेलं. साधी अकूस्टिक गिटार, मागे व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं. सुरुवातीला बिली जोचं बोट चुकतं, तो थांबतो, पुन्हा चुकतो, पुटपुटतो, आणि मग गाणं सुरू होतं. हे तसंच ठेवलंय. नीट ऐकलं तर मौज कळते. पहिल्या कॉर्डमध्ये, डिस्टॉर्शनचा काही संबंध नसतानाही, हात सवयीनं सा आणि पंचमच वाजवतो. तिसरा स्वर दुसऱ्या कॉर्डमध्ये येतो, आणि आल्यावर खोलीत कुणी दिवा लावावा तसं होतं.

२००३मध्ये ओकलंडच्या स्टुडिओतून एका तयार होत आलेल्या अल्बमच्या मूळ टेप चोरीला गेल्या. तो पुन्हा वाजवून काढता आला असता. तसं करण्याऐवजी ही आपली सर्वोत्तम गाणी होती का, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि नव्यानं बसले. स्टुडिओत एकटा असताना माइकनं तीस सेकंदांचं एक गाणं केलं. बिली जोनं त्याला दुसरे तीस सेकंद जोडले, ट्रे कूलनं तिसरे. पैजेसारखे हे तुकडे जोडता जोडता नऊ मिनिटांचं ‘होमकमिंग’ उभं राहिलं, आणि त्याच रीतीनं ‘जीझस ऑफ सबर्बिया’, पाच भागांचं. २००४चा ‘अमेरिकन इडियट’ तो हाच. लांब गाणं बांधताना सांधे दिसतात ते बहुधा लय बदलताना. इथे प्रत्येक सांध्यावर ट्रे कूल उभा आहे, आधीच्या लयीचा शेवटचा ठोका पुढच्या लयीचा पहिला करून देत. चोरी झाली नसती तर, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

२००५मध्ये लुकआउटकडून मानधन थकल्यामुळे त्यांनी आपली सुरुवातीची मुद्रणं तिथून काढून घेतली, तेव्हा त्या छोट्या कंपनीचा कणाच मोडला. हा सगळ्या कहाणीतला सगळ्यात जड भाग. हक्काचे पैसे मागणं चूक नव्हतं, आणि तरी मेणबत्त्यांच्या उजेडातले ते पाच जण डोळ्यांसमोर येतात. १७ मे २०१५ला, आगीत नुकसान झालेल्या छापखाना-प्रकाशनवाल्यांच्या मदतीसाठी, ग्रीन डे पुन्हा गिलमनमध्ये वाजले. त्यासाठी दार उघडलं गेलं.

मार्च २०२५मध्ये मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ते आले. मंचावर तिघांबरोबर दुसरी गिटार घेऊन जेसन व्हाइट असतो, १९९९पासून. मुद्रणात दोनदा वाजवलेली गिटार मंचावर एका माणसाला दोनदा वाजवता येत नाही, म्हणून. ‘बास्केट केस’ची सुरुवात मात्र अजूनही एकच गिटार आणि एकच गळा, ड्रम आणि बास पहिलं कडवं संपेपर्यंत तरी येतच नाहीत. तेवढ्या वेळात सा आणि पंचमावरची सगळी रिकामी जागा ऐकणाऱ्यांचे गळे भरून काढतात. या गाण्याला गर्दी लागते ती अशी, जुळणीतच.

परवा संध्याकाळी त्या गॅलरीत मुलगा तारा उतरवून बसला होता. नवा सेट, जाडसर. गेन निम्म्यावर आणलेलं. पोळ्यातल्या मधमाश्या उठून गेलेल्या. आजोबांनी आतून पेटी आणून मांडीशी घेतली होती. “कुठली पट्टी म्हणालास?” “काळी दोन.” त्यांनी भाता हलवून सा धरला, मुलानं पहिली कॉर्ड वाजवली, तळहात ब्रिजवर टेकवून, हलकीच. मग आजोबांचं बोट पांढरी पाचवर गेलं. गंधार. मुलानं मान वर केली. “थोडा चढा लागतोय ना?” त्यानं विचारलं. “चढाच असतो पेटीचा,” आजोबा म्हणाले, आणि बोट तसंच दाबून ठेवलं. “तू वाजव.”